शेवऱ्या बोलत नाही

हदगाव,
२२ जून २०२५

दादा,

पायाला हात लावते. तू पाय मागे घेशील हे माहीत आहे, पण कागदावरून पाय मागे घेता येत नाहीत, म्हणून पत्र लिहायला बसले. फोन तर तू उचलतच नाहीस. एप्रिलपासून दोनदाच उचललास आणि दोन्ही वेळा "आवाज येत न्हाई" म्हणून ठेवून दिलास. माझा आवाज हदगावच्या स्टँडवरून तामशापर्यंत जातो असं इथले लोक म्हणतात. देवणीलाच तेवढा पोचत नाही, हे नवल.

पत्राबरोबर पिंजरा आहे. तुझा दयानंद बियाण्याच्या कामानं इकडे आला होता, त्याच्याच हाती दिला. आतलं पाखरू बजरी. बाजारात ह्यालाच लव्हबर्ड म्हणून विकतात, पण ते पाखरू वेगळं. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर मला ओसरी सुनी सुनी वाटायला लागली, म्हणून मी ही पाखरं पाळली. आता नऊ आहेत. हा मे महिन्यात माझ्याच घरी, घरट्यासाठी टांगलेल्या मडक्यात जन्मला. मुठीएवढा जीव आणि शेपटी जवळजवळ अंगाएवढी. पोट आभाळी, तोंड पांढरं, गळ्याला काळ्या ठिपक्यांची माळ, डोक्यापासून पाठीपर्यंत काळ्या-पांढऱ्या लाटा. तू पन्नास वर्षं देवणी बैलांची पारख केलीस, प्रदर्शनात तुझ्या बोटाकडे बघून लोक जनावर घेतात. म्हटलं, एकदा हेही बघ. नाव ठेवलं नाही, तूच ठेव.

आता खरं बोलते. एप्रिलमध्ये माझ्या गीतांजलीच्या लग्नात तू असं का केलंस? मुलीला मंडपात मामानं आणायचं, मंगलाष्टकं संपेपर्यंत मामानंच तिच्या पाठीमागे उभं राहायचं. तू पहिल्या खुर्चीत बसून राहिलास. शेवटी चुलतभावाला, देविदासला उठवावं लागलं. तू न जेवता निघून गेलास. नांदेडला गीताच्या सासरी अजून विचारतात, सख्खा मामा का उभा राहिला नाही, मुलीत काही खोट आहे का? तिला काय उत्तर द्यावं कळत नाही.

लग्न झाल्यापासून तेहेतीस दिवाळ्या तू मुराळी होऊन मला माहेरी न्यायला आलास. एकही चुकवली नाहीस. यंदा येशील का, एवढं कळव. राग असेल तर पत्रात घाल, पाकीट मोठं घे.

तुझी,
सिंधु

 

देवणी,
६ जुलै २०२५

सिंधु,

सुखी राहा आणि लोकांच्या घरी न विचारता जनावरं पाठवत जाऊ नकोस.

पिंजरा गोठ्याच्या ओट्यावर ठेवून मी रीतीप्रमाणे तपासणी केली. आधी मागून, मग बाजूनं, शेवटी समोरून. वशिंड नाही. गळ्याखाली लोंबती पोळी नाही. शिंगांचा पत्ता नाही. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे. असा बैल मी बाजाराच्या फाटकातूनच परत पाठवला असता. चोच अर्धी गालात बुडालेली, तिच्यात दात नाहीत, मग वय कशावरून सांगायचं? राहता राहिला रंग. आपल्या जातीत तीनच रंग. तोंड काळं तो वानेरा, पांढरा स्वच्छ तो बालंक्या, आणि पांढऱ्यावर काळे पट्टे-ठिपके तो शेवेरा. ह्याला निळा रंग चुकून लागला असं धरून मी त्याला शेवेऱ्यात बसवलं. नाव शेवऱ्या.

नाकावर जांभळट गुलाबी फोड आली आहे. प्रवासात लागलं असणार. हळद लावू का, ते कळव.

सूनबाईला, सुकन्याला त्याचं कौतुक फार. राळे घालते, पाणी बदलते, पिंजऱ्याशी बोलत उभी राहते. माझ्याशी बोलताना मात्र ओठातल्या ओठात बोलते. आजकाल घरात सगळेच कुजबुजतात. नवी पद्धत असेल.

लग्नाचं तू काढलंस म्हणून लिहितो, नाही तर लिहिणार नव्हतो. मी दहा वाजल्यापासून फेटा बांधून पहिल्या खुर्चीत बसलो होतो. साडेबारा वाजले तरी कुणी बोलावलं नाही. मग देविदास गीताला घेऊन येताना दिसला. मामा मी होतो की देविदास? मी जेवलो नाही हे तुला दिसलं. का जेवलो नाही, ते विचारायला चार पावलं आली नाहीस. म्हणजे माझी इज्जत गेली आणि वर जबाबही मीच द्यायचा.

दिवाळीला वेळ आहे. तेव्हाचं तेव्हा बघू.

व्यंकट

 

हदगाव,
१९ जुलै २०२५

दादा,

खबरदार हळद लावलीस तर! ती फोड नाही, त्याचं नाक आहे. चोचीच्या वरचा तो मऊ भाग बघूनच नर-मादी ओळखतात. लहानपणी नराचं जांभळट गुलाबी असतं, मोठा झाला की निळं होतं. मादीचं तपकिरी होतं. पन्नास वर्षांचा पारखी नाकाला हळद लावायला निघाला, हे मी ओसरीतल्या सगळ्या पाखरांना सांगितलं. त्यांनी लई हसून घेतलं.

स्वभावही नाकावरच लिहिलेला असतो. तपकिरी नाकाच्या बाया चावऱ्या. माझ्याकडे एक हिरवी-पिवळी आहे, तिला मी मास्तरीण म्हणते. दाण्याच्या वाटीवर आधी ती, मग बाकीचे. लाकडी दांडी कुरतडून तिनं भुसा केला. निळ्या नाकाचे गडी मात्र गरीब आणि बडबडे. दिवसभर मान खालीवर करत बायकोला गोष्टी सांगतात, आपल्या चोचीतला घास तिच्या चोचीत घालतात. बायको नसेल तर माणसाशी बोलतात, आणि घरात जे सारखं कानावर पडतं ते उचलतात. म्हणूनच तुला एकटा नर पाठवला. तू फोनवर बोलत नाहीस, निदान पाखराशी तरी बोल.

आणि लग्नाचं तू काय लिहिलंस ते वाचून मी पत्र दोनदा खाली ठेवलं. कुणी बोलावलं नाही? माईकवरून तीनदा पुकारलं, "मुलीचे मामा व्यंकटराव, मुलीला घेऊन या." अख्ख्या मंडपानं ऐकलं. तू माईककडे बघत होतास, दादा, आणि जागचा हलला नाहीस. आता ऐकूच आलं नाही असं सांगणार का? माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांग. मान मागून घे. पण जे झालं ते झालंच नाही म्हणू नकोस.

सिंधु

 

देवणी,
२६ ऑगस्ट २०२५

सिंधु,

उत्तराला उशीर झाला. पोळा होता. बैलांच्या शिंगांना गोंडे बांधताना एक उरला, तो शेवऱ्याच्या पिंजऱ्याला बांधला. त्याला लाल रंग सोसत नाही असं दिसलं. तास दीड तास कोपऱ्यात अंग चोरून, सगळी पिसं अंगाला चिकटवून उभा होता. मग हळूच जाऊन त्यानं गोंड्याचा एक दोरा ओढला, मग दुसरा. संध्याकाळपर्यंत गोंडा राहिला नाही.

तुझी तक्रार करायची आहे. कपाळावरचे पट्टे नाकापर्यंत होते, ते गेले. कपाळ पांढरंफट पडलं. नाकाचाही रंग बदलून निळं झालं. शिंगाला तेल आणि पांढऱ्या केसाला काळा रंग लावून विकायला आणलेलं जनावर मी शंभर पावलांवरून ओळखतो. सख्ख्या बहिणीनं रंगवलेला माल गळ्यात बांधावा, हे बघायचं राहिलं होतं.

एरवी जनावर वाईट नाही. पिंजरा उघडला की माझ्या खांद्यावर येतो. पेपर वाचायला घेतला की ओळींवरून पळतो आणि कागदाची कड कुरतडतो. कोथिंबिरीची ओली जुडी दिली की तिच्यात लोळून अंघोळ करतो. मी जांभई दिली की तोही देतो. झोपताना एक पाय पोटात घेतो आणि मान मागे वळवून पाठीत खुपसतो. हे पत्र लिहिताना पेनाचं टोक धरून बसला आहे, म्हणून अक्षर असं.

त्याचा सगळ्यात मोठा गुण सांगतो. तोंड बंद. तू म्हणालीस नर बडबडे असतात, तर हा त्यातला नाही. चोच दिवसभर हलते, गळ्याची पिसं थरथरतात, मान खालीवर होते, पण आवाज म्हणून नाही. मी समोर बसून बारकाईनं बघितलं. तो रवंथ करतो. सावकाश खाऊन सावकाश चघळणारं जनावर नेहमी गुणी निघतं. तुझा शेवऱ्या मुका आहे आणि मला तो तसाच पसंत आहे.

तीनदा पुकारलं म्हणतेस. माझे कान शाबूत आहेत. नाल्यापलीकडे माझा बैल हंबरला तर मला घरात ऐकू येतं. पोळ्याचा ढोल पहिल्या थापेला कळला. मग माझंच नाव तीनदा पुकारलं ते कसं चुकेल? ते तुम्ही मागून रचलं आहे, दुसरं काय. मला वाईट वाटलं ते तुझ्या खोटेपणाचं. तुझ्याशी भांडायला मला आवडतं, पण खोटं बोलून भांडू नये.

व्यंकट

 

हदगाव,
३ सप्टेंबर २०२५

दादा,

पट्टे रंगवलेले नव्हते. तीन-चार महिन्यांत पहिली पिसं झडतात, कपाळ मोकळं होतं. त्यावरूनच ह्यांचं वय कळतं. तुमचा जसा दुधाच्या दातांचा आदत खोंड दोन दाती होतो, तसा आमचा पट्टेवाला बिनपट्ट्याचा होतो. आता तुझा शेवऱ्या वयात आला. पुढच्या वर्षी डोळ्यात पांढरं कडं येईल, तेव्हा पुन्हा मला पोलिसात देऊ नकोस.

पण पुढचं वाचून माझा जीव उडाला. मुका नर मी आजवर पाहिला नाही. आजारी असेल तर पिसं फुगवून बसतो, शेपटी श्वासाबरोबर हलते, दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी उतरतो, दाण्याला तोंड लावत नाही. ह्यातलं काही आहे का? तुझ्या पत्रावरून तर चांगला धट्टाकट्टा दिसतो. आणि पाखरं रवंथ करत नाहीत, दादा. त्यांच्या चोची हलतात त्या बोलताना हलतात.

हे लिहिता लिहिता मनात एक गोष्ट आली आहे, ती आत्ता लिहीत नाही.

तुझी माझी पैज. एक दिवस सुकन्याला सकाळी तासभर पिंजऱ्यापाशी वही घेऊन बसव. पाखरू जे बोलेल ते तिनं उतरवायचं. वही कोरी राहिली तर लग्नाचा विषय मी जन्मात काढणार नाही, सगळं खोटं मीच बोलले असं चारचौघांत कबूल करीन. वहीत एक शब्द जरी आला, तर तू दिवाळीला मला न्यायला यायचं. आहे कबूल?

सिंधु

 

देवणी,
१५ सप्टेंबर २०२५

आत्या,

नमस्कार करते. मी सुकन्या. हे पत्र मामंजींना माहीत नाही. त्यांनी पैज मोठ्या खुशीनं घेतली. मला म्हणाले, "बस बाई तासभर. कोरी वही घेऊन ऊठ." मी सात वाजता बसले आणि पाच मिनिटांत पान भरलं. मामंजी समोरच बाजेवर होते, पाखराकडे बघत. हसत होते. मला म्हणाले, "बघ, कसा गप हाय." तेव्हा ते पाखरू घर डोक्यावर घेऊन बोलत होतं, आत्या. मी वही पदराखाली घेतली आणि त्यांना सांगितलं, दयानंद आल्यावर दाखवते.

ते काय बोलतं ते लिहिते. आधी कुकरची शिट्टी. मग दयानंदच्या फोनची घंटी. मग माझ्यासारखा आवाज काढतं, "मामंजी, जेवायला चला. मामंजी, जेवायला चला. मामंजी!" तिसरी हाक मी मारते तशीच, चढ्या आवाजात. एका हाकेला ते उठत नाहीत, म्हणून मला रोज तीनदा मारावी लागते. आणि त्यानंतर ते मामंजींचं बोलतं. आवाज बारीकच, पण ढब अगदी त्यांची. "घरात कुनी बोलत का न्हाई?"

हे ते रोज म्हणतात. आम्ही सगळे बोलत असतो आणि ते मध्ये बसून विचारतात. दोन वर्षं झाली असतील. आधी टीव्हीचा आवाज वाढला, मग त्यांनी टीव्ही सोडला. मग पारावर जाणं सोडलं. यंदा प्रदर्शनात पारख करायलाही गुडघ्याचं निमित्त सांगून गेले नाहीत. दयानंदनं एकदा कानाच्या मशीनचं नाव काढलं, तर दोन दिवस त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही.

लग्नात मी तुमच्या मागेच बसले होते. माईकवर पुकारलं तेव्हा मला शंका आली होती. सुनेनं चारचौघांत सासऱ्याला जाऊन हलवावं कसं, म्हणून मी बसून राहिले. ते तेव्हापासून मनाला लागून आहे. वहीचं पान सोबत ठेवलं आहे. आता तुम्हीच काय ते करा.

सुकन्या

 

हदगाव,
२२ सप्टेंबर २०२५

दादा,

पैज मी जिंकले, आणि जिंकल्याचा आनंद अजिबात झाला नाही. सुकन्याच्या अक्षरातलं पान सोबत पाठवते. तिला एक शब्द बोलू नकोस. मला बोल.

शेवऱ्या मुका नाही. तो रोज तुझ्यासमोर बसून बोलतो. तुला ऐकू येत नाही, दादा. फोनवर माझा आवाज येत नाही तो ह्याच कारणानं, आणि घरात कुणी कुजबुजत नाही. मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वयानं आधी बारीक आवाज जातात, जाड राहतात. म्हणून बैल ऐकू येतो, ढोल ऐकू येतो, आणि बाईमाणसाचा आवाज, पाखराचा आवाज येत नाही. माणसाला स्वतःला कळतसुद्धा नाही. माईकवर पुकारणारा तो भटजी किती किनऱ्या आवाजाचा होता, ते आठवलं आणि लगेच हे पत्र लिहायला घेतलं.

तुला कुणी बोलावलं नाही, असं तुला वाटलं ते तुझ्यापुरतं खरं होतं. मी तुला खोटा म्हटलं. ते परत घेते.

आणि माझीही चूक लिहून देते. तू माझ्यापासून दहा पावलांवर बसला होतास. पहिल्या हाकेला उठला नाहीस तेव्हाच मी येऊन तुझा हात धरायला हवा होता. मी आले नाही. मुलीची आई म्हणून माझाही तोरा होता. वाटलं, एवढ्या लोकांत मी का विनवण्या करू? तुझ्या कानाचं तुला माहीत नव्हतं, पण माझे पाय तर धड होते.

मशीन लाव. उदगीरला तपासतात म्हणे. पारख करणाऱ्या माणसानं स्वतःचं जनावर एकदा तपासून घ्यावं.

सिंधु

 

देवणी,
२ ऑक्टोबर २०२५

पत्र मिळालं. कागद वाचला. पिंजरा गोठ्यात टांगला आहे. यंदा मुराळी येणार नाही, वाट बघू नये.

व्यंकट

 

हदगाव,
१० ऑक्टोबर २०२५

दादा,

बरं.

गोठ्यात मांजर येत असेल तर पिंजरा उंच टांग आणि वाऱ्याच्या बाजूला पोतं लाव. ह्यांना वारा लागला की लगेच आजारी पडतात. राळे संपले असतील तर बाजरी चालेल.

तुला चिडवायला पत्र लिहायला बसायचे तेव्हा हात आपोआप चालायचा. आज काही सुचत नाही. तेहेतीस वर्षांनी दिवाळीला घरातच बसायचं म्हणजे काय करायचं असतं, तेही माहीत नाही. करंज्या तेवढ्या करते. तब्येतीला जप.

सिंधु

 

नांदेड,
२२ ऑक्टोबर २०२५, पाडवा

सिंधु,

हे पत्र टपालात टाकणार नाही. तोंडानं सांगायला गेलो तर मध्येच भांडण काढीन, म्हणून लिहून आणलं आहे. आधी वाच.

तुझ्या पत्रानं मी पेटलो होतो. तुझा राग पाखरावर काढला, त्याला गोठ्यात टाकला आणि तुला ते कार्ड लिहिलं. लिहायला नको होतं. तुझं "बरं" वाचलं तेव्हा कागद घेऊन बसलो, पण तोवर माझं दुसरंच काही चाललं होतं, म्हणून उत्तर दिलं नाही.

झालं असं. तिसऱ्या दिवशी सकाळी धार काढत होतो. महिन्याचं वासरू पिंजऱ्याखाली उभं होतं. शेवऱ्याची चोच हलली की वासराचे कान पुढे यायचे. चोच थांबली की कान पडायचे. पुन्हा हलली, पुन्हा कान उभे. मी चरवी खाली ठेवली आणि कितीतरी वेळ बघत राहिलो. तू खोटं बोलशील, सुकन्या तुझ्या बाजूनं लिहील, डॉक्टरला काय, त्याला मशीन खपवायचं असेल. पण वासरानं कुणाशी पैज लावली नव्हती. पन्नास वर्षं जनावराच्या कानावरून त्याची तब्येत सांगत आलो, सिंधे, आणि माझ्या कानाची तब्येत मला वासरानं सांगितली.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता उदगीरला गेलो. काचेच्या खोलीत बसवून हातात बटन दिलं. आवाज आला की दाबा म्हणाले. मी कान टवकारून बसलो. आवाजच येईना. शेवटी मी म्हणालो, "बाई, तुमचं यंत्र बिघडलं हाय." डॉक्टरीणबाई काचेचं दार उघडून आत आल्या आणि पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, "काका, नऊ वेळा वाजलं." चांगली पोरगी आहे. डावीकडून, उजवीकडून, नीट तपासलं. माझी एवढी बारीक तपासणी कुणी केली नव्हती.

आठ दिवसांनी मशीन मिळालं. घरी आलो, सुकन्याला म्हणालो, पिंजरा आत आण. समोर बसलो. शेवऱ्यानं मान खालीवर केली आणि बोलला. तीन हाका सुकन्याच्या. आणि मग माझं. "घरात कुनी बोलत का न्हाई?" मी रोज त्या पोरीला हे विचारत होतो आणि ती रोज बोलत होती. मला रडू आलं. लिहून ठेवतो, तोंडानं कबूल करणार नाही. सुकन्या म्हणाली, "चहा ठेवू का, मामंजी?" किती गोड आवाज आहे तिचा. पाच वर्षं झाली घरात येऊन, आणि ह्या दोन वर्षांत मी तो विसरूनच गेलो होतो.

मग लग्न आठवलं. तुम्ही मला बोलावलं होतं.

आज सकाळी नांदेडला गीताच्या घरी आलो. पाडव्याची माणसं बसली होती. तिचे सासू-सासरे, दीर, वरच्या मजल्यावरची मंडळी. चहा घ्या म्हणाले. मी बसलो नाही. उभं राहून सांगितलं, "मी व्यंकट. गीताचा सख्खा मामा. लग्नात मला तीनदा पुकारलं, मला ऐकू आलं न्हाई. मी बहिरा हाय. पोरीत खोट न्हाई, तिच्या मायमध्ये खोट न्हाई. खोट माझ्या कानात हाय, हे बघा." आणि मशीन काढून तिच्या सासऱ्याच्या तळहातावर ठेवलं.

ते बराच वेळ बोलत होते. काय बोलले ते मला कळलं नाही, कारण मशीन त्यांच्याच हातात होतं. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि गीता हसत रडत होती, त्यावरून चांगलंच बोलले असावेत. मग त्यांनी स्वतः माझ्या कानात मशीन घातलं, उलटं घातलं, आणि सगळे हसले. ते हसणं मला पूर्ण ऐकू आलं.

मुराळी येणार नाही असं लिहिलं होतं, ते खरंच ठरलं. मुराळी तुला माहेरी न्यायला येतो. मी आधी एप्रिलमध्ये राहिलेलं काम करायला निघालो आहे. गीताला तिच्या घरचे भाऊबीजेसाठी माझ्याबरोबर पाठवत आहेत. उद्या सकाळच्या गाडीनं हदगावला येतो. हे पत्र तिच्या हाती देतो, तू दार उघडलंस की ती देईल.

वाचून झालं की मान वर कर. मी तिच्या पाठीमागे उभा आहे.

व्यंकट